दादांच्या नावाची खोली

"खोलीवर नाव कसं टाकून राहिले मग? नुसतं ग्यानोबा, का ग्यानोबा गुरुजी?"

केवळाआत्याने वांग्याचे देठ काढता काढता विचारलं. विहाराच्या ओसरीवर बायका भाजी चिरत बसल्या होत्या. दादांच्या जलदान विधीला सकाळपासूनच माणसं यायला लागली होती. किनवटच्या वसतिगृहात दादांच्या हाताखाली वाढलेली पोरं, आता केस पिकलेली, मांडवात गप्प बसली होती. दादांची मुलगी सुकन्या विळीवर होती. तिने मान वर केली.

"कोणती खोली, आत्या?"

समोर मिरच्या निवडणाऱ्या शिल्पाचा, तिच्या भावजयीचा, हात थांबला.

"आता घ्या! अभ्यासिका. ते हैदराबादवाले पुरी बांधून देऊन राहिले की. स्लॅबसकट. आज माईकवर सांगायचंय म्हणं. दयानं तुला बोललं न्हाई?"

"नाही."

"मग मी बी न्हाई बोलले," आत्या म्हणाली आणि तिने पुढचं वांगं उचललं.

सुकन्या हात पुसून उठली. विहाराच्या मागे ते जोतं होतं. वसतिगृहाच्या अधीक्षकपदावरून निवृत्त होऊन नांदेडला आल्यापासून दादांनी हे एकच वेड धरलं होतं. वस्तीतल्या घरांमध्ये दिव्याखाली बसायला कोपरा नसतो, म्हणून पोरांना अभ्यासाला एक खोली. जुन्या विद्यार्थ्यांकडून वर्गणी काढून काम जोत्यापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. कॉलमच्या सळया गंजून वर आल्या होत्या. त्यांना दोऱ्या बांधून बायका गोधड्या वाळत घालत. आज मांडवासाठी कुणीतरी त्या दोऱ्या सोडल्या होत्या.

दयानंद जोत्यावर उभा राहून दार कुठे येईल ते नजरेने मोजत होता. तो सुकन्याचा धाकटा भाऊ. दहावीनंतर आयटीआय केलं, लातूरच्या एमआयडीसीत दुसऱ्याच्या शेडमध्ये वेल्डिंग करत करत स्वतःची शेड उभी केली. घरात शिकलेली म्हणजे सुकन्या आणि कष्टाळू म्हणजे दया, ही वाटणी लहानपणीच होऊन गेली होती. ती दोघांनाही जाचत आली होती.

"आत्याच्या पोटात काही राहत न्हाई," तिला बघून तो हसला. "अक्का, तुला मी माईकवरच ऐकवणार होतो. माय तर सकाळधरून दोनदा रडली. खुशीनं."

"कंपनी कोणती?"

त्याने नाव सांगितलं.

ते नाव गेलं वर्षभर तिच्या टेबलावर होतं. दिल्लीत संरक्षण खात्याच्या ज्या समितीपुढे सीमेवरच्या रडारांचा ठेका होता, तिच्यात सुकन्या वित्त विभागाची सदस्य होती. या कंपनीचा दर सगळ्यात कमी होता. यंत्रंही चांगली होती, ते ती नाकारत नव्हती. पण रडार एकदा डोंगरावर बसलं की ते तिथे पिढीभर राहणार. बिघडलं तर आतलं उघडून बघायचा अधिकार कंपनीच्या मूळ परदेशी मालकांकडे राहणार होता. ज्या आज्ञावलीवर ते चालतं ती ते देणार नव्हते. लहानातला लहान सुटा भाग समुद्रापलीकडून यायचा होता. उद्या त्या देशाचं आपल्या शेजाऱ्याशी सूत जुळलं, किंवा नुसतं आपल्याशी बिनसलं, की डोंगरावर उरणार ते लोखंड. आज वाचणारा पैसा आणि उद्या दुसऱ्याच्या हातात जाणारी मान या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघा, एवढंच ती म्हणत आली होती. बाकीचे ऐकून घेत आणि चहा मागवत. सोमवारी शेवटची बैठक होती. तिथे ती लेखी विरोध नोंदवणार होती. एका सदस्याचा जरी लेखी विरोध असला तरी प्रकरण फेरविचाराला वर जातं. मग ते थांबेल असं नव्हे, पण पुन्हा बघितलं जाईल.

यातलं काही घरी बोलण्यासारखं नव्हतं. दादांनी कधी विचारलंही नव्हतं. फोनवर ते म्हणत, "तिकडं थंडी हाय का?" ती हो म्हणाली की त्यांचं समाधान होई.

"ते आपल्याला खोली कशाला बांधून देतील, दया?"

"दादांचं नाव ऐकून. कंपनीचे सोमेशसाहेब आपल्या देगलूरचेच हायत. त्यांचे चुलते किनवटला दादांच्या होस्टेलात होते."

"आणि बदल्यात काय पाहिजे?"

"काहीच न्हाई! तेच तर सांगून राहिलो. मी रोकठोक विचारलं. म्हणलं, माझ्या बहिणीकडून काही काम काढायचं असंल तर आत्ताच सांगा, ती करणार न्हाई. तर म्हणले, एक अक्षर नको. ताईंना त्रास बी देऊ नका. फक्त खोलीची पाटी लागंल तवा सगळ्या घराचा एक फोटो."

तेवढ्यात सोमेश स्वतःच आला. पांढरा शर्ट, अनवाणी पाय. त्याने विहारात जाऊन फुलं वाहिली होती, त्रिशरण-पंचशील सगळ्यांबरोबर न अडखळता म्हटलं होतं. बाहेरचा माणूस म्हणून त्याच्याकडे बोट दाखवता येण्यासारखं त्याच्यात काही नव्हतं.

"मॅडम, आजच्या दिवशी कामाचं बोलणं शोभत नाही," तो हात जोडून म्हणाला. "एवढंच सांगतो, मनावर ओझं ठेवू नका. तुमच्याकडून आम्हाला खरंच काही नको. सोमवारी तुम्हाला जे मांडायचं ते खुशाल मांडा."

बैठक सोमवारी आहे हे समितीच्या बाहेर कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. सुकन्याने त्याच्या तोंडाकडे बघितलं. तिथे सहानुभूती होती आणि घाई अजिबात नव्हती. तो खोटं बोलत नव्हता. त्याला तिच्याकडून खरंच काही नको होतं. सोमवारी ती बैठकीत असायला नको होती, एवढंच.

सतरंज्या ठेवायच्या खोलीत तिची आई, धुरपताबाई, घड्यांवर टेकून बसल्या होत्या. दादा गेल्यापासून त्या बसतील तिथे बसून राहत. सुकन्याने दार लोटून घेतलं. मागोमाग दयानंद आला, आणि कुणी बोलावलं नसताना केवळाआत्या.

"माय, ही खोली आपल्याला घेता येणार नाही."

धुरपताबाईंनी मुलाकडे बघितलं. "काय म्हणून राहिली ही?"

"तिलाच विचार."

"मी जिथं बसते ना माय, तिथं या लोकांचं काम माझ्यापुढं आहे. त्यांचं काही घेतलं तर मला तिथून उठावं लागेल."

"म्हंजे तुला विकत घेऊन राहिले का ते?" आत्याने विचारलं.

"विकत नाही, आत्या. उठवून राहिलेत. मी त्यांच्या विरोधात आहे हे त्यांना कळलंय. मी त्यांच्या बाजूनं बोलावं म्हणून हे चाललेलं नाही. मी तिथं असूच नये म्हणून चाललंय."

"आता गं बया. बैलाला पेंड दाखवून गोठ्याभाईर काढायचं, अन् मागून दार लावून घ्यायचं."

"आत्या, तू जरा गप," दयानंद म्हणाला. "अक्का, तिथं इतकी मोठमोठी माणसं बसलेत. तू एकटी असं काय थांबवणार हायस?"

"थांबेल की नाही माहीत नाही. पुन्हा एकदा बघतील."

"बघतील! अन् एवढ्यासाठी दादांची खोली घालवायची?"

"हो. एवढ्यासाठी."

"तुझं नेमी असंच. तुझं ते काम, अन् आम्ही आणलं ते काहीतरी लफडं. मायचा चष्मा आणला तर तो चुकीचा, घराला रंग दिला तर तो भडक. आज पहिल्यांदा दादांसाठी मी काही करून राहिलो, तर त्यात बी तुला खडा दिसला."

यातलं बरंचसं खरं होतं.

"दवाखान्यात न्यायच्या दिवशी," धुरपताबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "त्यांनी ऑटो इकडून घ्यायला लावला. उतरता येत नव्हतं. आतूनच बघितलं त्या सळयांकडं. मला म्हणले, धुरपता, पोरं हायत आपली, करतील."

सुकन्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती तेव्हा दिल्लीत होती, त्याच फाइलीवर. येते, उद्याच निघते, असं म्हणता म्हणता उशीर झाला होता. तिने दाराची कडी घट्ट धरली.

"पोरं म्हणले ते," धुरपताबाई म्हणाल्या. "दोघं."

"माय, मी नाही म्हणते त्याचं मला काहीच वाटत नाही असं समजू नकोस."

"ते लोक काय करून राहिले ते मला कळत न्हाई. तुझं ते दिल्लीचं काम बी कळत न्हाई. तू सांग, घेतली खोली तर कुणाचं काय वाईट होईल?"

"आज कुणाचंच नाही," सुकन्या म्हणाली. "पुढं, आपण कुणी नसू तेव्हा, सीमेवर बसलेल्या कुणाच्या तरी पोराला समोरून काय येतंय ते दिसणार नाही. होईलच असं नाही. पण तेव्हा दुरुस्त करा म्हणून आपल्याला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागेल, आणि तो दार उघडेल की नाही हे त्याच्या मर्जीवर राहील."

बाहेर मलप्पा मास्तर माईक तपासत होते. दादांच्या वेळी किनवटच्या शाळेत शिकवणारे हे गृहस्थ सूत्रसंचालन करणार होते. "ह्यालो, ह्यालो" म्हणताना त्यांचा घसा दर वेळी दाटून येई, आणि ते पुन्हा पहिल्यापासून तपासत.



"मास्तरला सांगा, खोलीचं माईकवर घेऊ नका," धुरपताबाई शेवटी म्हणाल्या. "अन् सुकन्ये, तू भाईर जाऊन बस. घडीभर मला तोंड दाखवू नको."

दयानंद दार आपटून निघून गेला. आत्या जाता जाता सुकन्याच्या पाठीवर हात ठेवून गेली. तो हात शाबासकीचा होता की कीव करणारा, ते तिला समजलं नाही.

ती हौदाशी तोंड धुवायला गेली. शिल्पा तिथे उभी होती. लग्न होऊन आल्यापासून या दोघी नणंद-भावजयींमध्ये कामापुरतंच बोलणं होतं.

"अक्का, खोली नको म्हणून हे सुटत न्हाई," शिल्पा हळू म्हणाली.

"म्हणजे?"

"लातूरला शेडमधी स्टँड उभे हायत. लोखंडी, लई मोठे. पावसाळ्यापास्नं त्याच कामावर हायत सगळी माणसं. बिल मधल्या एका फर्मच्या नावानं जातंय. पण माल त्या लोकांचाच हाय. नमुने तपासायला हेच सोमेशसाहेब येऊन गेलते."

सुकन्याच्या हातातलं पाणी बोटांमधून निघून गेलं. "दयाला माहीत आहे?"

"माहीत हाय. तुझ्या कामाशी त्याचा संबंध लागतो, हे त्यांच्या ध्यानात न्हाई. मला बी आत्ता तुझं बोलणं दाराबाहीर ऐकलं तवा लागला."

दयानंद मागे येऊन उभा राहिला होता. "ती वेगळी गोष्ट हाय," तो म्हणाला. "ते काम मला माझ्या कामावर भेटलंय. पुण्याची पार्टी बी ते मागत होती, कोल्हापूरची बी. त्यांनी माझं वेल्डिंग बघितलं, जोडावरून हात फिरवून बघितला. म्हणले, असं काम आम्ही हैदराबादेत बघितलं न्हाई. तुला सांगणारच होतो. म्हणलं पुरं होऊ दे, मग सांगू, की दिल्लीचं काम आपल्या शेडमधून गेलं."

"शेडवर कोण आलं होतं?"

"सोमेशसाहेब."

"काय काय विचारलं त्यांनी?"

"मशिनी किती, माणसं किती, पत्रा कुठून आणतो." तो थांबला. "अन् घरात कोण कोण असतं."

दयानंदने आपले हात बघितले. ठिणग्यांच्या बारीक डागांनी ते मनगटापर्यंत भरलेले होते. मग त्याने ते पाठीमागे नेले.

"अक्का," शिल्पा म्हणाली, "कुणाला कळतंय? त्या स्टँडवर बोर्ड न्हाई, आपलं नाव न्हाई. सोमवारी तुझं तू बोलून मोकळी हो. नंतरचं नंतर बघू."

सुकन्याने तो विचार करून बघितला. केला नाही असं नाही. पण सोमवारी ती बोलली असती तर मंगळवारी ते स्टँड कुणीतरी दाखवले असते, आणि तिच्या विरोधातला शब्द न् शब्द त्यांच्याबरोबर मळला असता. भावाला आणखी काम मिळावं म्हणून बहिणीने विरोध ताणून धरला, असंच लोक म्हणाले असते. पुढे कधी दुसऱ्या कुणी हाच प्रश्न विचारला, तरी त्याला हीच गोष्ट ऐकवली गेली असती. स्वतःहून सांगितलं तर प्रश्न निदान स्वच्छ राहील. मुका राहील, पण स्वच्छ.

तिने तिथेच उभं राहून दिल्लीला तिच्या वरिष्ठ साहेबांना फोन लावला. साहेबांनी आधी दादांसाठी दुःख व्यक्त केलं. मग तिने भावाच्या शेडमधल्या कामाचं सांगितलं आणि समितीतून बाहेर पडते म्हणाली.

"तुमच्या जागी कोण येईल ते तुम्हाला माहीत आहे."

"हो, सर."

"ते काही लिहिणार नाहीत."

"हो."

"आणि तुमचं आजवरचं म्हणणंही बाजूला ठेवावं लागेल. हितसंबंध बाजूने असो की विरुद्ध, नियम एकच. भावाला हे काम तुमच्यामुळे मिळालं, असं म्हणू शकतो का आपण?"

दयानंद तिच्यासमोर उभा होता. फोनमधला आवाज त्याला ऐकू येत होता की नाही ते तिला कळत नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "माझ्यामुळेच."

दयानंदने मान खाली घातली आणि तो मांडवाकडे निघून गेला.

सोमेश मांडवाच्या टोकाला खुर्चीवर बसला होता. त्याला टाळण्याचं आता कारण उरलं नव्हतं. सुकन्याने त्याच्यापुढे उभं राहून सांगितलं, "मी समितीतून बाहेर पडले. आत्ताच कळवलंय."

"वाईट वाटलं, मॅडम," तो उठून म्हणाला, आणि ते त्याने अशा सुरात म्हटलं की क्षणभर तिला ते खरंच वाटलं. मग तो फोन काढून गेटकडे गेला.

ही बातमी धुरपताबाईंपर्यंत आत्याने पोचवली. त्यांनी सुकन्याला बोलावून घेतलं.

"आता तू त्यांच्या कामात न्हाईस?"

"नाही."

"काहीच न्हाई?"

"काहीच नाही, माय."

"मग आता खोली घेतली तर काय हरकत हाय?"

नियमाने हरकत कशालाच नव्हती. जी होती ती सांगायला सुकन्याकडे सोपे शब्द नव्हते, आणि आईच्या डोळ्यांत सकाळपासून पहिल्यांदा काहीतरी हललं होतं.

"तुमचं तुम्ही ठरवा," ती म्हणाली.

धुरपताबाईंनी मलप्पा मास्तरांना पुन्हा निरोप धाडला. खोलीचं माईकवर घ्या. आणि दयानंदला सोमेशसाहेबांना पुढे आणून बसवायला सांगितलं.

भंतेजी आसनावर बसले. दादांच्या फोटोपुढे ताट, ताटात पेला, शेजारी पाण्याने भरलेला तांब्या. सूत्रपठण होईल तसं घरच्यांनी मिळून तांब्या धरायचा आणि पेला भरून सांडेपर्यंत पाणी ओतत राहायचं. ज्यांना तांब्याला हात लावता येत नाही त्यांनी पुढच्याच्या खांद्याला हात लावायचा, म्हणजे दिलेल्या दानाचं पुण्य सगळ्यांच्या हातून गेलेल्या माणसाच्या वाट्याला जातं. धुरपताबाईंनी तांब्याला हात लावला. सुकन्याने त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांच्या मागे आत्या आणि शिल्पा. शिल्पामागे वसतिगृहातली जुनी पोरं, एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात, थेट मांडवाच्या दारापर्यंत.

दयानंद गेटकडून एकटाच परत आला. चालत येताना त्याने फोन कानाला लावला, खाली घेतला, परत लावला आणि खिशात घातला. तो सुकन्याच्या शेजारी टेकला आणि त्याने तांब्याला हात लावला.

"साहेब कुठं हायत?" धुरपताबाईंनी विचारलं. "त्यांना बी बोलव पाण्याला."

"गेले, माय."

"न जेवता?"

"जेवून गेले."

अजून पंगत बसली नव्हती. धुरपताबाईंना त्याचं भान नव्हतं.

"अन् खोली?"

"होईल म्हणले."

तोवर मलप्पा मास्तरांनी माईक हातात घेतला होता. या वेळी त्यांचा घसा दाटला नाही. आदरणीय कालकथित ग्यानोबा गुरुजींच्या पुण्यस्मृतीस त्यांच्या नावाची अभ्यासिका बांधून देण्यात येत आहे, असं त्यांनी स्पष्ट, खणखणीत आवाजात सांगितलं. मांडवभर माणसं एका सुरात म्हणाली, "साधु, साधु, साधु." दारापर्यंत गेलेली ती रांग सगळीच्या सगळी थरथरली. पुढे बसलेला एक टक्कल पडलेला माणूस हुंदके देऊन रडायला लागला.

भंतेजींनी पठण सुरू केलं. तांब्या वाकला. पाण्याची बारीक धार पेल्यात पडायला लागली.

"साहेबांची गाडी न्हाई, फोन बी उचलत न्हाई," दयानंद ओठ न हलवता म्हणाला. "अक्का, त्या स्टँडच्या पैशातून बांधीन मी खोली. मायला सांगू नको."

सुकन्याने त्याच्याकडे बघितलं नाही. पेला भरत आला होता. धुरपताबाई डोळे मिटून बसल्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर, बऱ्याच दिवसांनी, कुठलीही तक्रार नव्हती. पाणी काठापर्यंत आलं, क्षणभर तिथे थांबलं आणि ताटात सांडायला लागलं. सुकन्याने हात काढून घेतला नाही.